बशीवर माशी नव्हती

आज संध्याकाळी माझ्या ओटीवर पोहे खाताना तू तीनदा हात हलवून माशी हाकललीस. बशीवर माशी नव्हती. मी नीट पाहत होते. पहिल्यांदा वाटलं, असेल एखादी, पावसाळ्याचे दिवस आहेत. दुसऱ्यांदा तू बशीकडे न बघता डावीकडे हवेत हात मारलास. तिसऱ्यांदा हात अर्ध्यावर थांबला आणि तू तो हळूच खाली घेतलास, कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माशी नाही हे तुलाही ठाऊक आहे.

तुझी मुलगी समोर बसली होती, म्हणून मी तोंड आवरलं. लेकरासमोर बापाला बोलू नये. पण तू गाडी काढायला गेलास आणि तुझ्या बायकोने फाटकाशी उभं राहून मला सगळं सांगितलं. आज अठरा दिवस झाले. आधी काळा ठिपका, मग त्याला शेपटी, मग कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. रात्री दिवा मालवून मान वळवलीस की डाव्या कडेला ट्यूबलाईट फडफडल्यासारखी चमक. हे सगळं तू तिला सांगितलंस आणि वर बजावलंस, "बाईंना बोलू नकोस, त्या उगाच मोठं करतील." करणारच आहे. रात्रीचे नऊ वाजलेत आणि शेजारच्या मुलाच्या हाती हे पाठवते आहे. फोन केला असता तर "हो बाई, हो बाई" करून दोन मिनिटांत तू विषय मिटवला असतास. कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो. तर वाच.

अठरा दिवसांत काय केलंस? मेडिकलवाल्याला "डोळ्यांपुढे काळं येतं" सांगून थेंबांची बाटली आणलीस. सकाळी भिजवलेले बदाम सुरू केलेस. मोबाईलवर कुणाचातरी व्हिडिओ बघून पणतीसमोर त्राटक करत बसलास. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर तपासून घेतलास आणि नंबर बदलला नाही म्हटल्यावर घरी येऊन "डोळे दाखवले, काही नाही" असं सांगितलंस. अरे, ते यंत्र नंबर सांगतं. डोळ्याचा मागचा पडदा त्यात कुणी बघत नाही. आणि बाटलीतले थेंब बुबुळावर पडतात, पापणीखाली पसरतात, नाकात उतरतात. तुझा ठिपका जिथे तरंगतोय तिथे ते पोचतही नाहीत. तू उत्तरपत्रिका लिहिलीस, स्वतःच तपासलीस, स्वतःच स्वतःला पास केलंस. वर्गात असं करणाऱ्याला मी काय करायचे, ते तुला आठवत असेल.

सहावीत तू तिसऱ्या बाकावर बसायचास आणि फळ्यावरचा ८ वहीत ३ करून उतरवायचास. दोन महिने सगळे तुला धांदरट म्हणत होते, मीही म्हटलं. मग एके दिवशी तुला फळ्याजवळ बोलावलं आणि तू सगळी गणितं बिनचूक वाचलीस. त्या संध्याकाळी मी तुझ्या बाबांकडे गेले. पोह्याच्या गिरणीतून ते नुकते आले होते, भुवयांवर कोंडा तसाच होता. म्हणाले, "बाई, पोराला चष्मा लागला तर लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी खाडा करून त्यांनी तुला डॉक्टरकडे नेलं. एका दिवसाची मजुरी बुडवली रे त्यांनी. आणि तू? पगारी रजा शिल्लक असताना म्हणतोस, "महिनाअखेर आहे, पुढच्या रविवारी बघू."

दहावीत डोळ्याची आकृती मी तुझ्याकडून चार वेळा काढून घेतली होती. पारपटल, बाहुली, नेत्रभिंग, दृष्टिपटल ही नावं तू घोकलीस आणि मधली मोठी पोकळी कोरी सोडलीस. आज तिथेच सगळं घडतंय, म्हणून पुन्हा सांगते. त्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखा काचाभ द्रव असतो, डॉक्टर व्हिट्रियस म्हणतात तो. जेमतेम चार मिलिलिटर, चहाचा चमचाही पुरता भरणार नाही. त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणी, बाकी अतिशय बारीक तंतूंची जाळी. तरुणपणी ती जेली घट्ट आणि एकजीव असते. वय होतं तशी ती पातळ होते, तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात आणि त्या गाठींची सावली मागच्या पडद्यावर पडते. तुला दिसते ती सावली. म्हणून ती पांढऱ्या भिंतीवर, आभाळावर, मोबाईलच्या उजेडात जास्त दिसते. म्हणून डोळा फिरवला की मागून सरकत येते आणि नेमकं बघायला गेलं की निसटते. हात मारून ती जाणार नाही, कारण ती बाहेर नाहीच.

इथवरचं ऐकून तू म्हणशील, मग वयाचंच आहे की. पुढे वाच. पन्नाशी-साठीच्या आसपास ही जेली आक्रसते आणि मागच्या पडद्यापासून सुटते. बहुतेकांची कधी ना कधी सुटते. ज्यांचा मायनस नंबर मोठा, त्यांची लवकर सुटते. तुझं वय चव्वेचाळीस आणि नंबर मायनस साडेसात. नेहमीचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो, तुझा त्याहून दोन-तीन मिलिमीटर तरी लांब असणार. म्हणजे पडदा तेवढा ताणलेला आणि कडेला विरलेला. जेली सुटताना जिथे ती घट्ट चिकटलेली असते तिथे पडद्याला हिसका बसतो. पडद्याला वेदना कळत नाही. त्याला एकच भाषा येते, उजेडाची. ओढलं की तो चमक दाखवतो. रात्री तुझ्या डोळ्यांपुढे चमकतात ते काजवे वाक्प्रचारातले नव्हेत. ती त्या पडद्याची हाक आहे, आणि तू अठरा रात्री कूस बदलून झोपलास.

दुखणं अंगावर काढायची आपल्याकडे सगळ्यांनाच खोड. ताप अंगावर काढतो, पाठ अंगावर काढतो, दाढ तर महिनोनमहिने काढतो. त्यात निदान दुखणं तरी आपल्याला कधीतरी उचलून डॉक्टरकडे नेतं. हे दुखतच नाही. लाल होत नाही, पाणी येत नाही, सूज नाही. वाट बघणाऱ्याला हे कधीच हलवून जागं करणार नाही.

नव्याने ठिपके दिसू लागलेल्या आणि चमक जाणवणाऱ्या दहा जणांतल्या साधारण एकाच्या पडद्याला खरोखर फाट गेलेली असते, घोड्याच्या नालेच्या आकाराची. नऊ जणांच्या पडद्याला फाट नसते. मी तुला घाबरवत नाही, हिशेब सांगते. आपण नवातले की दहावे, हे घरी बसून ओळखता येत नाही. ठिपका दोघांचा सारखाच दिसतो. आणि फाट असेल तर पुढे काय होतं ते पनवेलच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात भिंतीला एक बारीक चीर असते. तिच्यातून ओल आत शिरते, मग रंग फुगतो, मग एके दिवशी हाताएवढा पोपडा सुटून लोंबतो. डोळ्यातही पातळ झालेला द्रव फाटीतून पडद्यामागे शिरतो आणि पडदा सुटत जातो. चीर असते तेव्हा लेसरचे डाग देऊन कडा चिकटवता येतात. बसल्या जागी काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. पोपडा सुटला की मोठी शस्त्रक्रिया.

माझा पेणचा मावसभाऊ तुला माहीत आहे, दहावीच्या सहलीत आपण त्याच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो होतो. तो आखणीवर बसायचा. मूर्ती रंगवायला पुष्कळ हात असतात, डोळे आखायला एक-दोनच. केसासारखी कुंचली, श्वास रोखून एक रेघ, मूर्ती बघायला लागते. तुम्ही पोरं तोंडाला कुलूप लावून बघत होतात, तूही होतास. सहा वर्षांपूर्वी ऐन श्रावणात त्याला उजव्या डोळ्यात काजळी पडल्यासारखी दिसायला लागली. घरच्यांना म्हणाला, मूर्ती बाहेर पडू देत, गणपती झाले की दाखवतो. हाताखाली शेकड्यांनी मूर्ती, सगळ्यांचे डोळे आखायचे राहिलेले. चतुर्थीला घरच्या आरतीला उभा राहिला तेव्हा मूर्तीचं सोंडेखालचं अंग त्याला दिसेना. खालून काळं पाणी चढत यावं तसं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते मुखावर आलं.

मुंबईला नेला. डॉक्टरांनी काम चोख केलं, आत वायू भरून पडदा जागेवर बसवला. आठ दिवस हा पालथा, जेवतानाही मान खाली. पडदा बसला पण नजर आधीची राहिली नाही, कारण मधला बारीक दृष्टीचा भागही सुटला होता. पडद्याच्या पेशींना पोषण मागच्या थरातून मिळतं, त्यापासून त्या दूर राहिल्या की मरायला लागतात, आणि मेलेल्या परत उगवत नाहीत. आज त्याला त्या डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते. दोन्ही डोळे उघडे ठेवले की कुंचलीचं टोक दुहेरी होतं, एक झाकला की टोक मूर्तीला नेमकं कधी टेकतं ते कळत नाही. आता तो मूर्तींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारतो. आखणीला दुसरा माणूस बसतो आणि हा त्याच्याकडे पाठ करून बसतो. गेल्या वर्षी मी गेले तेव्हा म्हणाला, "ताई, चार दिवस आधी गेलो असतो तर." मी काही बोलले नाही. काय बोलणार?

त्याच्याकडे कारण तरी होतं. चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. तुझ्याकडे काय आहे? महिनाअखेर. ती दर महिन्याला येते.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा नीट बघता येऊ लागला तो अलीकडेच. जर्मनीत हेल्महोल्ट्झने डोळ्यात डोकावायचं साधन केलं १८५१ साली. आपल्या पनवेलची नगरपालिका स्थापन झाली १८५२ साली, म्हणजे ते साधन तिच्याहून एका वर्षाने मोठं. त्यानंतरही सत्तर वर्षं, पडदा सुटला तर इलाज नव्हता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून माणसाला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून ठेवायचे, तरी बहुतेकांची दृष्टी जायचीच. स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ज्यूल गोनँ नावाच्या डॉक्टरने १९२० च्या सुमारास हट्टाने दाखवून दिलं की मूळ त्या फाटीत आहे, ती शोधून डागली तर पडदा पुन्हा बसतो. त्यालाही बरीच वर्षं फारसं कुणी मानलं नाही. एवढी खटपट करून लोकांनी तुझ्यासाठी ही सोय करून ठेवली, आणि तू पणतीकडे टक लावून बसतोस.

"आपल्या जुन्या लोकांकडे उपाय होते" असंही तू बायकोला म्हणालास म्हणे. जुन्या लोकांनी काय लिहिलंय ते तरी वाच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टीचे रोग सांगताना माश्या, डास, केस आणि जाळी डोळ्यांपुढे दिसणं हे लक्षण स्पष्ट नोंदलेलं आहे. युरोपातल्या जुन्या वैद्यांनीही त्याला 'उडत्या माश्या' असंच नाव दिलं होतं. त्या वैद्यांपाशी आत बघायचं काही साधन नव्हतं, तरी त्यांना ते लिहून ठेवण्याजोगं वाटलं. तुझ्या दाराशी साधन आहे आणि तुला ते बायकोपलीकडे कुणाला सांगण्याजोगं वाटलं नाही.

आता ज्यासाठी मला सगळ्यात जास्त राग आला आहे ते. तू कामाला आहेस त्या यार्डातल्या ट्रेलरवाल्याला, ज्याला बारा वर्षं साखर आहे, तुझ्यासारखेच ठिपके दिसतात. त्याने तुला विचारलं, आणि तू त्याला सांगितलंस, "मलाही दिसतात, सगळ्यांनाच दिसतात, काही नसतं." कोणत्या अधिकाराने सांगितलंस? तुझा स्वतःचा डोळा कुणी पाहिला नाही आणि तू दुसऱ्याला प्रमाणपत्र दिलंस! मधुमेहात पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. ते रक्त जेलीत तरंगतं, त्याचेही काळे ठिपकेच दिसतात. कारण वेगळं, इलाज वेगळा, घाई तेवढीच. तो माणूस रात्री पळस्पे फाट्यावरून जेएनपीटीकडे चाळीस फुटी कंटेनर ओढत जातो. त्याच रस्त्यावर तुझ्यासारखे शंभर मोटारसायकलवाले असतात. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो गाडी चालवतोय. तू शिकलेला आहेस, चष्मेवाला आहेस, डोळ्यांतलं तुला कळत असेल असं त्याला वाटलं. हा विश्वास तू दोन वाक्यांत उधळलास. आत्ता, हे पत्र खाली ठेवायच्या आत त्याला फोन कर आणि सांग की मी चुकीचं बोललो. हेच शब्द वापर. "दाखवून घे एकदा" असं मोघम बोलू नकोस.

तुला खरी भीती कशाची वाटते, ते मला कळतं. तपासणीत काहीतरी निघेल, याची. म्हणून तपासणी कशी असते ते सांगते, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः गेले होते. वडाळे तलावावर सकाळी फिरताना, पाऊस उघडून आभाळ पांढरं झालं होतं, उजव्या डोळ्यापुढे केस आल्यासारखा वाटला. पदराने पुसला, जाईना. त्याच दिवशी अकरा वाजता मी डॉक्टरांसमोर होते. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, थोडे चुरचुरतात. दर दहा मिनिटांनी परत घालतात, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसायचं. मग अंधारी खोली. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात जाड भिंग. वर बघा, वर उजवीकडे बघा, उजवीकडे, खाली, असं घड्याळाच्या काट्यासारखं फिरवत पडद्याची कड न कड बघतात. पापणीवरून एक छोटी दांडी दाबतात तेव्हा जरा दुखल्यासारखं होतं, उजेडाने पाणी येतं. पाच-सात मिनिटं. नंतर थोडा वेळ सगळं जांभळट दिसतं आणि पुढचे काही तास जवळचं वाचता येत नाही. झालं. एवढंच आहे ते.

मला सांगितलं, जेली सुटली आहे, पडदा शाबूत आहे, महिन्याने परत दाखवा, मध्ये ठिपके वाढले किंवा चमक वाढली तर त्याच दिवशी या. महिन्याने गेले, तेव्हाही ठीक. माझ्या उजव्या डोळ्यात अजून एक अपुरं वर्तुळ तरंगतं, पाटीवर पोराने काढलेल्या पहिल्या शून्यासारखं. आत्ता लिहितानाही ते या कागदावरून सरकलं. मला त्याचा त्रास नाही, कारण ते काय आहे हे बघून सांगणाऱ्याने सांगितलं आहे. तुझ्या ठिपक्यालाही तो "काही नाही" म्हणाला तर मला तुझ्याहून जास्त आनंद होईल. पण ते त्याने म्हणायचं. तू नाही, मेडिकलवाल्याने नाही, मीही नाही.

मुंबईला जायचंही कारण नाही. जुन्या पनवेलीत डॉ. सुहास हळदीपूरकरांनी उभं केलेलं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा आय हॉस्पिटल आहे. पूर्वी रायगडातला माणूस डोळ्यासाठी बोट नाही तर एसटी पकडून मुंबई गाठायचा. तुला रिक्षाने जायचं आहे. गेल्यावर खिडकीपाशी "नंबर तपासायचा आहे" म्हणू नकोस. स्पष्ट सांग: नवे ठिपके, चमक, अठरा दिवस, मायनस साडेसात, पडदा बघायचा आहे.

आता उठ. भिंतीवर कालनिर्णय असेल, त्याच्यापासून चार हात दूर उभा राहा. चष्मा काढू नकोस. उजवा डोळा तळव्याने झाक आणि डाव्याने मधल्या तारखेकडे बघ. मग डावा झाकून उजव्याने. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो, म्हणून एकेक. कॅलेंडरचा एखादा कोपरा काळवंडलेला, पडदा ओढल्यासारखा दिसला, किंवा चौकटी वाकड्या वाटल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. कितीही वाजले असोत, मला फोन कर, रात्रीच निघू. आणि चारही कोपरे स्वच्छ दिसले म्हणून सुटलास असं समजू नकोस. फाट असली तरी सुरुवातीला चारही कोपरे दिसतात.

मुलीलाही बरोबर घे. बारा वर्षांची पोर, मायनस चार, आणि तिचा पडदा आजवर कुणी पाहिलेला नाही, हे आज तुझ्या बायकोने सांगितलं तेव्हा मला फाटकाचा आधार घ्यावा लागला.

सकाळी साडेआठला मी रिक्षा घेऊन तुझ्या दाराशी येते. जुने चष्म्याचे कागद पिशवीत घाल, काळा गॉगल घे, थेंब घातल्यावर उन्हात लागतो. यार्डात रजेचा निरोप आत्ता पाठव. मोटारसायकलची किल्ली आज रात्रीच बायकोकडे दे. आल्यावर मी आधी तिला विचारणार आहे, किल्ली कुठे आहे.